इंग्रजी इतिहासनाटकांचे दूरचित्रवाणी-रूपांतर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेक्सपिअरची आणि त्याच्या समकालीनांची इतिहासनाटके छोट्या पडद्यावर कशी आणली गेली, याविषयी नाट्यशास्त्राचे विद्यार्थी, पटकथालेखनाकडे वळलेले रंगकर्मी आणि या मालिका पाहताना राजांच्या वंशावळीत हरवलेले प्रेक्षक सातत्याने विचारणा करतात. त्यांपैकी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातील मुद्दा दुसरीकडेही लागू पडत असेल, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इतिहासनाटके म्हणजे नेमकी कोणती? ‘मॅकबेथ’ही राजाचेच नाटक आहे, मग ते यात का धरत नाहीत?

शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १६२३ साली, त्याच्या नाटकांचा जो एकत्रित संग्रह निघाला, त्यात सुखात्मिका, इतिहासनाटके आणि शोकात्मिका असे तीन विभाग होते. इतिहास विभागात दहा नाटके आहेत: ‘किंग जॉन’, ‘दुसरा रिचर्ड’, ‘चौथा हेन्री’चे दोन भाग, ‘पाचवा हेन्री’, ‘सहावा हेन्री’चे तीन भाग, ‘तिसरा रिचर्ड’ आणि ‘आठवा हेन्री’. मॅकबेथ हा स्कॉटलंडचा राजा आणि लिअर हा दंतकथेतला, म्हणून त्यांची नाटके शोकात्मिकांत गेली. पहिले आणि शेवटचे नाटक बाजूला ठेवले, तर मधली आठ नाटके १३९८ ते १४८५ या काळातली एकच सलग कथा सांगतात. चुलतभावाने चुलतभावाचे सिंहासन घेतले आणि त्याची किंमत पुढच्या तीन पिढ्यांनी मोजली, ही ती कथा होय. मराठीत तिला ‘भाऊबंदकी’ हा एकच शब्द पुरेसा आहे.

२. रंगभूमीसाठी लिहिलेली ही नाटके मालिकेच्या स्वरूपात इतकी चपखल का बसतात?

कारण ती मुळातच मालिकेसारखी आहेत. एका नाटकात पेरलेली गोष्ट पुढच्या नाटकात उगवते. दुसरा रिचर्ड पदच्युत होताना, बंडाला साथ देणाऱ्या नॉर्थंबरलंड या उमरावाला बजावतो की, आज तू ज्याला गादीवर चढवतो आहेस तोच उद्या तुझ्यावर संशय घेईल. पुढे ‘चौथा हेन्री’मध्ये अगदी तसेच घडते आणि राजा ते जुने शब्द आठवून दाखवतो. रंगभूमीवर ही दोन नाटके बहुधा वेगवेगळ्या हंगामांत होतात, त्यामुळे ते धागे प्रेक्षकाच्या हाती लागत नाहीत. पंधरवड्याने भेटणाऱ्या मालिकेत मात्र ते आपसूक लागतात.

बीबीसीने १९६० साली हे ओळखले. ‘अॅन एज ऑफ किंग्ज’ या मालिकेत मायकेल हेज या दिग्दर्शकाने आणि पीटर ड्यूज या निर्मात्याने आठ नाटके पंधरा भागांत मांडली. ‘सहावा हेन्री’च्या पहिल्या भागाला एकच प्रसारण मिळाले, इतर प्रत्येक नाटकाला दोन. हे सारे स्टुडिओतून थेट प्रक्षेपित होत होते, हे आज सांगूनही खरे वाटत नाही. शॉन कॉनरी (‘चौथा हेन्री’तला बंडखोर तरुण सरदार हॉटस्पर), ज्युडी डेंच (फ्रान्सची राजकन्या कॅथरीन) आणि आयलीन अॅटकिन्स (जोन ऑफ आर्क) यांच्या उमेदीच्या काळातील कामे त्यात पाहायला मिळतात.

३. नाटके राजांच्या क्रमाने दाखवावीत, की ज्या क्रमाने लिहिली गेली त्या क्रमाने?

लेखनाचा क्रम उलटा आहे. ‘सहावा हेन्री’ आणि ‘तिसरा रिचर्ड’ ही नंतरच्या काळावरची नाटके शेक्सपिअरने आधी, साधारण १५९० च्या सुमारास लिहायला घेतली; आधीच्या राजांवरची चार नाटके १५९५ ते १५९९ या काळात आली. राजांच्या क्रमाने गेल्यास कथा सरळ लागते, पण प्रौढ, पिकलेल्या काव्याकडून प्रेक्षक एकाएकी एका तरुण नाटककाराच्या ठोकळेबाज ओळींकडे येतो आणि मालिका मध्यावर उतरल्यासारखी वाटते. तरीही छोट्या पडद्यासाठी मी राजांचाच क्रम सुचवेन, कारण घरी बसलेला प्रेक्षक कथेसाठी थांबतो. उतार जाणवू नये म्हणून काय करता येते, ते प्रश्न ४ आणि ६ मध्ये पाहावे.

४. एका नाटकातले किती कापावे लागते, आणि आधी काय कापावे?

पद्य संवादांच्या साधारण हजार ओळी बोलायला एक तास लागतो, हा ढोबळ हिशेब धरावा. ‘तिसरा रिचर्ड’ साडेतीन हजार ओळींच्या पुढे जातो. दिग्दर्शिका जेन हॉवेल यांनी बीबीसीच्या संपूर्ण शेक्सपिअर प्रकल्पासाठी (१९७८ ते १९८५, एकूण ३७ नाटके) तो जवळजवळ अखंड चित्रित केला, तेव्हा प्रक्षेपण सुमारे चार तासांचे झाले. एवढा अवकाश फार थोड्यांना मिळतो, त्यामुळे बाकीच्यांना कात्री हाती घ्यावीच लागते.

प्रश्न किती कापावे हा नसून कोणाला कापावे हा आहे. काटछाटीत पहिला बळी जवळजवळ नेहमीच सामान्य माणसाचा जातो. उमराव राहतात, राण्या राहतात, तलवारी राहतात. माळी, शिपाई, कारकून जातात, कारण त्यांच्या जाण्याने कथानक अडत नाही. ‘तिसरा रिचर्ड’च्या तिसऱ्या अंकातला एक प्रवेश पाहावा. फक्त चौदा ओळी आहेत. एक लेखनिक हातात कागद घेऊन येतो. लॉर्ड हेस्टिंग्जवरचे आरोपपत्र त्याने सुवाच्य अक्षरात नकलून काढले आहे. तो सांगतो की नक्कल करायला अकरा तास लागले, मूळ मसुदा करायलाही तेवढेच लागले असतील, आणि हेस्टिंग्ज तर पाच तासांपूर्वी जिवंत होता, मोकळा होता, त्याच्यावर कसलाही आरोप नव्हता. म्हणजे आरोपाआधी शिक्षा ठरली होती. हे न कळण्याइतका मूर्ख कोण आहे, आणि कळले असे म्हणण्याइतका धीट कोण आहे, असे विचारून तो निघून जातो.

जुलमी राजवट कशी चालते हे सांगायला या नाटकात याहून नेमकी जागा नाही, आणि तरीही संपादनाच्या टेबलावर हीच जागा सर्वांत आधी जाते. पडद्यावर तिला एक मिनिट पुरते. शाईने डागाळलेली बोटे आणि कागदाच्या तळाशी घातलेली तारीख एवढे जवळून दाखवले तरी काम होते. कापायचेच असेल तर उमरावांच्या पदव्यांची उजळणी, दूतांनी आणलेल्या दुहेरी बातम्या आणि वंशावळीचे पाठ कापावेत. ‘दुसरा रिचर्ड’मधला माळी, ‘पाचवा हेन्री’मध्ये लढाईच्या आदल्या रात्री राजालाच जाब विचारणारा विल्यम्स आणि हा लेखनिक यांना हात लावू नये. ती माणसे गेली की इतिहास जातो आणि एका घराण्याचे भांडण तेवढे उरते.

५. दोन पात्रांचे एक पात्र करणे योग्य आहे का?

बहुतेक वेळा योग्य आहे, आणि प्रेक्षकाच्या दृष्टीने दयेचेही आहे, कारण या नाटकांत एकाच पदवीची माणसे बदलत जातात आणि तीन-तीन एडवर्ड एका अंकात वावरतात. बीबीसीच्या ‘द हॉलो क्राउन’ या मालिकेच्या २०१६ च्या पर्वात सफोक या उमरावाचे काम, सहाव्या हेन्रीची राणी मार्गारेट हिच्यावरच्या त्याच्या प्रेमासकट, सॉमरसेट या दुसऱ्या उमरावाकडे देण्यात आले आणि कथा स्वच्छ झाली. मात्र जोडणीने अर्थ पालटत असेल तेथे जपावे. याच मालिकेच्या २०१२ च्या पर्वात दुसऱ्या रिचर्डचा खून मूळ नाटकातल्या एक्स्टनऐवजी ऑमर्ल करतो. एक्स्टन हा राजाच्या मर्जीसाठी धडपडणारा जवळजवळ अनोळखी माणूस आहे. ऑमर्ल हा रिचर्डचा जिवलग. अनोळखी हाताऐवजी ओळखीचा हात आला की खुनाला विश्वासघाताचे रूप येते. तो निर्णय धाडसी आणि परिणामकारक होता, पण ती केवळ सोय नव्हती, नवे विधान होते, आणि रूपांतरकाराने ते जाणूनच करावे.

६. सांधे जुळवण्यासाठी स्वतःच्या ओळी घातल्या तर चालतील का?

याचे सर्वांत ठळक उदाहरण जॉन बार्टन यांचे आहे. पीटर हॉल यांच्यासह त्यांनी ‘सहावा हेन्री’चे तीन भाग आणि ‘तिसरा रिचर्ड’ यांची मिळून तीन नाटके केली आणि त्यांत स्वतःच्या हजाराहून अधिक ओळी घातल्या. रॉयल शेक्सपिअर कंपनीचा हा १९६३ चा प्रयोग पुढे स्ट्रॅटफर्डच्या नाट्यगृहातच चित्रित होऊन १९६५ साली ‘द वॉर्स ऑफ द रोझेस’ या नावाने बीबीसीवर दाखवला गेला. त्या ओळी मूळ बाजाशी इतक्या मिळत्याजुळत्या आहेत की कानाला सांधा जाणवत नाही. ज्याने आयुष्य या पद्याच्या संगतीत काढले आहे त्याने हे करावे. इतरांनी कापून मोकळे व्हावे. सुरुवातीच्या नाटकांत जोड खपून जाते, ‘चौथा हेन्री’त ती लगेच उघडी पडते.

७. कोणती छापील संहिता प्रमाण मानावी?

रूपांतराला एकच प्रमाण संहिता असावी लागत नाही, पण कोणत्या प्रतीत काय आहे हे ठाऊक असलेच पाहिजे. ‘दुसरा रिचर्ड’मधला पदत्यागाचा प्रवेश एलिझाबेथ राणीच्या हयातीत छापलेल्या एकाही प्रतीत नाही, तो प्रथम १६०८ च्या प्रतीत आला. राजाला गादीवरून उतरवणे रंगमंचावर दाखवणे किती स्फोटक होते, याची ही खूण आहे. अर्ल ऑफ एसेक्स या सरदाराच्या समर्थकांनी १६०१ साली राणीविरुद्धच्या बंडाच्या आदल्या दिवशी याच राजाच्या पदच्युतीचे नाटक मुद्दाम करवून घेतले होते आणि त्यासाठी नटांना नेहमीच्या उत्पन्नावर चाळीस शिलिंग जास्त दिले होते. हा प्रवेश आज कोणीही गाळणार नाही. ‘पाचवा हेन्री’च्या १६०० च्या प्रतीत सूत्रधारच नाही, त्याविषयी प्रश्न ९ पाहावा.

८. स्वगते कॅमेऱ्याकडे पाहून म्हणावीत, की पार्श्वस्वरात ऐकवावीत?

पात्र आपल्याला आपल्या कटात ओढते आहे, की स्वतःशीच झगडते आहे, यावर ते ठरवावे. तिसरा रिचर्ड आपल्याला कटात घेतो. तो कॅमेऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवतो तेव्हा घरातला प्रेक्षक नकळत त्याचा साथीदार बनतो, आणि नाट्यगृहातल्या शेवटच्या रांगेतल्या माणसापेक्षा ही जवळीक कितीतरी अधिक असते. पुढे बॉसवर्थच्या अखेरच्या लढाईच्या आदल्या रात्री, स्वप्नातून दचकून उठल्यावर, त्याने कॅमेऱ्याकडे पाहणे सोडून दिले तर तो एकटा पडल्याचे वेगळे सांगावे लागत नाही. चौथ्या हेन्रीचे निद्रेला उद्देशून असलेले स्वगत मात्र पुटपुटल्यासारखे, कोणाकडेही न पाहता यावे. पार्श्वस्वराचा उपाय जपून वापरावा: ओठ मिटलेले असले की नटाचा श्वास पद्यापासून तुटतो, आणि हे पद्य श्वासावरच उभे आहे.

९. ‘पाचवा हेन्री’मधला सूत्रधार रंगमंचाच्या अपुरेपणाबद्दल माफी मागतो. पडद्यावर खरे घोडे दिसत असताना त्याचे काय करावे?

अडचण खरी आहे. हा सूत्रधार प्रेक्षकांना सांगतो की आम्ही घोड्यांचे नाव घेतले की तुम्ही घोडे पाहा; आणि त्याच क्षणी मागे घोडे दौडत असतील तर वाक्य हास्यास्पद होते. ‘द हॉलो क्राउन’मधल्या २०१२ च्या रूपांतरात दिग्दर्शिका थिया शॅरॉक यांनी जॉन हर्ट यांचा केवळ आवाज वापरला आणि शेवटी तो माणूस पडद्यावर आणला: राजाचा तरुणपणीचा रंगेल दोस्त फॉल्स्टाफ याच्या टोळीबरोबर युद्धावर गेलेला पोरगा, आता म्हातारा झालेला. मूळ नाटकात सामानाच्या राखणीला ठेवलेली पोरे फ्रेंचांकडून मारली जातात, म्हणजे या रूपांतराने त्यातल्या एकाला वाचवले आणि इतिहास सांगण्याचे काम त्याच्याकडे दिले. प्रश्न ४ मध्ये ज्या सामान्य माणसांविषयी लिहिले आहे, त्यांच्या बाजूने झालेला हा फार मोलाचा निर्णय आहे.

१०. लढाया दाखवायला पैसा नसेल तर ही नाटके हाती घ्यावीतच कशाला?

जेन हॉवेल यांचे काम पाहिल्यावर हा प्रश्न उरत नाही. १९८३ च्या आरंभी प्रक्षेपित झालेल्या त्यांच्या चार नाटकांसाठी (‘सहावा हेन्री’चे तीन भाग आणि ‘तिसरा रिचर्ड’) ऑलिव्हर बेल्डन यांनी एकच नेपथ्य उभारले होते: मुलांच्या खेळाच्या मैदानासारखे, फळकुटांचे, झुलत्या दारांचे, भडक रंगांचे. पहिल्या नाटकात उमराव त्यावर पोरांसारखे हुंदडतात. मग नाटकागणिक रंग उडतो, लाकूड काळवंडते, कपडे मळतात, लढाया अधिक ओंगळ होत जातात, आणि अखेरीस राणी मार्गारेट प्रेतांच्या ढिगावर रिचर्डचे कलेवर मांडीवर घेऊन हसत बसलेली दिसते. तेच नट वेगवेगळ्या भूमिकांत परत येतात. ट्रेव्हर पीकॉक हा शूर सेनापती टॅलबटही झाला आणि बंडखोर जॅक केडही.

उलट दिशेचे उदाहरण ‘आठवा हेन्री’चे आहे. १९७९ साली प्रक्षेपित झालेला तो लीड्स आणि हीव्हर या किल्ल्यांत व पेन्सहर्स्ट प्लेस या वाड्यात चित्रित झाला आणि दरबारी कुजबुजीच्या त्या नाटकाला खऱ्या दगडी भिंती मानवल्या. मैदानी लढायांना मात्र खरे मैदान सहसा फळत नाही; चिखल, धूर आणि संथ गतीतल्या तलवारी एका मालिकेतून दुसरीत हलवल्या तरी फरक पडत नाही. ‘सहावा हेन्री’च्या तिसऱ्या भागात आपल्याच बापाला मारलेला मुलगा आणि आपल्याच मुलाला मारलेला बाप राजासमोर येतात. त्या प्रवेशाला दोन प्रेते आणि तीन चेहरे लागतात.

११. नाटकातल्या ऐतिहासिक चुका रूपांतरात दुरुस्त कराव्यात का?

नाही. चुका ठळक आहेत, हे मान्य. राणी मार्गारेट १४८२ साली फ्रान्समध्ये वारली, पण नाटकात ती १४८३ नंतरच्या दरबारात शाप देत फिरते. रिचर्डचा जन्म १४५२ चा, तरी १४५५ च्या सेंट ऑल्बन्सच्या लढाईत तो सॉमरसेटला ठार करतो. हॉटस्पर हा राजपुत्र हॅलपेक्षा (म्हणजे पुढच्या पाचव्या हेन्रीपेक्षा) वीस वर्षांहून मोठा होता. नाटकात दोघे समवयस्क प्रतिस्पर्धी आहेत. या चुकांवरच नाटकाची बांधणी उभी आहे. वय दुरुस्त केले की हॉटस्परशी होणारी तुलना कोसळते. लॉरेन्स ऑलिव्हिएच्या १९५५ च्या ‘तिसरा रिचर्ड’ चित्रपटात मार्गारेटला पूर्ण गाळले आहे, आणि त्यामुळे मागच्या तीन नाटकांतल्या रक्ताचा हिशेब मागणारे कोणीच तेथे उरत नाही.

रिचर्डच्या कुबडाबद्दल वेगळे विचारले जाते. लेस्टर येथे २०१२ साली सापडलेल्या त्याच्या सांगाड्यात पाठीचा कणा वाकलेला होता, पण वाळलेल्या हाताची खूण नव्हती. नाटकातला रिचर्ड मात्र आपल्या देहाविषयी सतत बोलतो, त्यामुळे शरीराचे काय करायचे हे दिग्दर्शकाला टाळता येत नाही. दुष्टपणाचे कारण म्हणून शरीर दाखवू नये; लोकांनी त्या शरीराकडे कसे पाहिले, ते दाखवावे.

१२. एका पात्राला सर्व भागांत एकच नट असावा का?

शक्य तेथे असावाच. मार्गारेट चार नाटकांत आहे: पहिल्यात कोवळी बंदिवान मुलगी, शेवटी सर्वस्व गमावलेली म्हातारी. पेगी अॅशक्रॉफ्ट यांनी पन्नाशी ओलांडल्यावर ‘द वॉर्स ऑफ द रोझेस’मध्ये हा सगळा प्रवास केला, आणि २०१६ मध्ये ‘द हॉलो क्राउन’मध्ये सोफी ओकोनेडो यांनी केला. एकाच चेहऱ्यावर हा काळ साचत जाताना पाहणे हे मालिकेनेच देता येईल असे दान आहे. ओकोनेडो कृष्णवर्णीय आहेत म्हणून काहींनी ऐतिहासिकतेचा मुद्दा काढला. त्याचे उत्तर प्रश्न ११ मध्येच आहे. फियोना शॉ यांनी साकारलेला दुसरा रिचर्डही (दिग्दर्शन डेबोरा वॉर्नर, बीबीसी, १९९७) त्याच न्यायाने पाहावा.

१३. शेक्सपिअरखेरीज इतर कोणाची इतिहासनाटके पडद्यावर आली आहेत का?

ख्रिस्तोफर मार्लोचा ‘दुसरा एडवर्ड’ आवर्जून पाहावा असा आहे. इयन मकेलन यांची भूमिका असलेला रंगमंचीय प्रयोग बीबीसीने १९७० साली दाखवला. त्यातली एक जागा मराठी वाचकाला विशेष भिडेल. राजाविरुद्ध उठलेल्या मॉर्टिमर या उमरावाला कैदेतल्या राजाचा खून हवा आहे, पण पुरावा नको आहे. तो लॅटिनमध्ये एक ओळ लिहितो: ‘एद्वार्दुम ओक्किदेरे नोलिते तिमेरे बोनुम एस्त’. ‘तिमेरे’नंतर स्वल्पविराम दिला तर अर्थ होतो ‘एडवर्डला मारायला भिऊ नका, ते बरे आहे’. ‘नोलिते’नंतर दिला तर ‘एडवर्डला मारू नका, भिणे बरे’. तो विरामचिन्हच देत नाही. आपल्याकडे नारायणरावांच्या बाबतीत ‘ध’चा ‘मा’ झाल्याची कथा सांगतात. तेथे एक अक्षर बदलले, येथे एक टिंब गाळले गेले. रंगमंचावर मॉर्टिमरला दोन्ही अर्थ मोठ्याने वाचून दाखवावे लागतात. कॅमेऱ्याला कागद दिसतो, स्वल्पविरामाच्या जागेवर थबकलेले पीस दिसते, आणि शाई न टेकवता मागे घेतलेला हात दिसतो.

१४. यासाठी कोणाची परवानगी लागते?

मूळ नाटकांवर कोणाचाही हक्क उरलेला नाही. आधुनिक संपादकांच्या टीपा, मराठी अनुवाद आणि जुन्या मालिकांची चित्रफीत यांवर मात्र स्वतंत्र हक्क असतात. भारतात अनुवादकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे ते टिकतात.

१५. मराठी उपशीर्षके देताना ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांचा निवाडा कसा करावा?

आजच्या इंग्रजीला ही सोय राहिलेली नाही, पण शेक्सपिअरच्या इंग्रजीत ‘दाऊ’ आणि ‘यू’ असा भेद होता आणि तो आपल्या भेदाशी बराच जुळतो. त्यामुळे मराठी उपशीर्षककाराच्या हाती असे एक हत्यार आहे, जे आजच्या इंग्रज प्रेक्षकाच्या कानातून निसटलेले असते. नियम एकच: भाषांतर करण्यापूर्वी मूळ सर्वनाम पाहावे, आणि ते बदलते तेथे थांबावे.

‘चौथा हेन्री’च्या दुसऱ्या भागाचा शेवट घ्यावा. हॅल राजा झाला आहे, मिरवणूक निघाली आहे, आणि म्हातारा फॉल्स्टाफ गर्दीतून ओरडून त्याला लाडाने ‘दाऊ’ म्हणतो. सरन्यायाधीश फॉल्स्टाफला दटावताना औपचारिक ‘यू’ वापरतो. मग राजा बोलतो आणि तोही ‘दाऊ’ वापरतो. शब्द तोच, पण पहिल्यात जिव्हाळा आहे आणि दुसऱ्यात दरी. अनेक जण राजाच्या तोंडी आदराचे किंवा ग्रांथिक वाक्य घालतात, कारण प्रसंग राज्याभिषेकाचा असतो. तसे करू नये. फॉल्स्टाफच्या ओळीत ‘तू’ असावा, सरन्यायाधीशाच्या ओळीत ‘तुम्ही’ असावा, आणि राजाच्या ओळीत पुन्हा ‘तू’ यावा: ‘म्हाताऱ्या, मी तुला ओळखत नाही.’ वाक्य एवढेच ठेवावे, आणि पुढचे उपशीर्षक फॉल्स्टाफचा चेहरा दिसून होईपर्यंत येऊ देऊ नये.